एका कान्याचा फरक

त्या घरात कोणी कधी काही फोडत नसे. कप फुटायचा, आरसा तडकायचा, दोरी तुटायची, खुर्चीचा पाय निखळायचा, आणि हे सगळं आपापलं, स्वतःच्या जबाबदारीवर व्हायचं. पाहुण्यांच्या पोरांनी फुलदाणीचे तुकडे केले तरी आई केरसुणी घेऊन येताना म्हणायची, "फुलदाणी पडली वाटतं." पाहुण्यांना वाटायचं, बाई किती सोशिक आहे. सोशिक वगैरे काही नव्हतं. त्या घरात ‘पाडली’ या शब्दाला दार बंद होतं, एवढंच.

दार बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हा बाबा क्रेन चालवायचे. हल्ली ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहायचे, तरी बाहेर त्यांना अजून क्रेनवालेच म्हणत. एका बांधकामावर पाण्याची मोठी टाकी गच्चीवर चढवायची होती. टाकी निम्म्यावर गेली आणि क्रेनचा मागचा उजवा पाय जमिनीत खचला. क्रेन टाकीसकट आडवी झाली. कोणी मेलं नाही, पण एका गवंड्याचा पाय मोडला, तो आजही लंगडत चालतो. बाबांच्या बरगड्या आणि डावं मनगट गेलं. बरगड्या जुळल्या, मनगट मात्र अजून पूर्ण वळत नाही.

आता क्रेनचं असं असतं, की ओझं उचलण्याआधी तिचे चार लोखंडी पाय चार बाजूंना पसरून टेकवायचे असतात, प्रत्येक पायाखाली जाड फळ्या घालायच्या असतात, आणि चालकाने खाली उतरून चारही पाय स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असतात. चौकशीला आलेल्या साहेबांनी एक दुपार इकडेतिकडे फिरून ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असं लिहून टाकलं. परवाना गेला, नोकरी गेली. गल्लीत लोक बोलायला लागले, "हेच ते, ज्यांनी क्रेन पाडली." बाबा घरात म्हणायचे, "पडली." एका कान्याचा फरक, पण त्या एका कान्यावर एका माणसाची उरलेली इज्जत टांगलेली होती. त्यामुळे आईने तो काना घरातून हद्दपारच केला. कपबशांपासून सगळ्यांना तोच नियम लागू झाला.

कोणीही नवीन पाहुणा आला आणि विषय निघाला, की बाबा ठरलेली चार वाक्यं बोलायचे. "मी खाली उतरलो होतो. चारही पाय फिरून बघितले होते. जमीनच खचली. त्याला मी काय करू?" आई मान हलवायची. पाहुणा चुकचुकायचा, आणि बोलणं दुसरीकडे वळायचं.

हे सगळं ऐकत एक मुलगी मोठी झाली. तिला घरात खुरपी म्हणत, कारण मोडलेलं काहीही दिसलं की ती फतकल मारून बसायची आणि उकरायला लागायची. छत्रीची काडी नेमकी कुठे वाकली, चपलेचा अंगठा कोणत्या बाजूने आधी उसवला, पंख्याची कडी किती दिवस झिजत होती. दुरुस्त करायची तिला फारशी हौस नव्हती. वस्तू मेली कशाने, एवढं कळलं की ती खूश. शाळेत असताना एकदा जेवताना ती म्हणाली होती, "मोठी झाले की मी शोधून काढणार, आपली क्रेन का पडली." सगळे हसले. बाबाही हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

मग शाळा संपली, मार्क बरे पडले, आणि खुरपीने जाहीर केलं की तिला फॉरेन्सिक इंजिनिअरिंग शिकायचंय.

"म्हणजे मुडद्यांची डॉक्टर?" मामाने विचारलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो विमा कंपनीत होता, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं एक मत तयार असायचं.

"मुडद्यांची नाही रे मामा. यंत्रांची. पूल पडला, लिफ्ट कोसळली, बॉयलर फुटला, तर तो का, हे शोधायचं."

"मग मेकॅनिक म्हण की."

"मेकॅनिक चालू करतो. आम्ही का बंद पडलं ते सांगणार."

"आम्ही म्हणे. अजून प्रवेशाचा पत्ता नाही," मामा म्हणाला, पण त्याला गंमत वाटली होती. त्याच्या कंपनीत असली माणसं येत असत. जळक्या गाड्यांभोवती फिरून, फोटो काढून, टाय नीट करून निघून जात. "चांगली लाइन आहे, ताई," तो आईला म्हणाला. "एसीत बसायचं काम आहे. मी कॉलेज बघतो."

बाबांनी पेपर उघडला. त्यांना पोरीचा अभिमान वाटत होता आणि धास्तीही, दोन्ही एकदमच. हे शिक्षण पूर्ण झालं, की तिची पहिली केस तिला शोधायला कुठे जावं लागणार नव्हतं. ती केस समोरच बसलेली असणार होती, चष्मा लावून, पेपर वाचत. पोरगी एक दिवस मान वर करून ‘पाडली’ म्हणेल, या एकाच गोष्टीची त्यांना भीती होती. गल्लीने म्हटलेलं त्यांनी पचवलं होतं. तिने म्हटलेलं पचलं नसतं.

मामाने बघितलेलं कॉलेज काचेचं होतं. म्हणजे इमारत काचेची, दारं काचेची, आणि आतल्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा काचेच्या. आई खाली बघून घाबरली आणि मामाचा दंड धरून चढली. प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पदवी: फॉरेन्सिक इंजिनिअरिंग’, आणि बाजूला भिंगातून बघणाऱ्या एका मुलीचं चित्र होतं. ती कशाकडे बघत होती ते चित्रात नव्हतं. सगळ्यांना एकेक पिशवी मिळाली, तिच्यात एक पेन आणि एक छोटं भिंग.

कोट घातलेल्या एका हसतमुख गृहस्थांनी त्यांना ‘अपघात कक्ष’ दाखवला. एका मोठ्या हॉलमध्ये चेपलेली एक मोटार ठेवली होती, तिच्याभोवती पिवळी पट्टी लावली होती आणि वरून दिवे सोडले होते. खुरपी लगेच वाकून गाडीखाली बघायला लागली.

"ही कशाने चेपलीय?" तिने विचारलं.

"ही आम्ही चेपून घेतलीय," ते गृहस्थ म्हणाले. "प्रात्यक्षिकासाठी. क्रेनने वरून वजन टाकून."

क्रेनचं नाव निघताच आईने पिशवीतलं भिंग काढून उगाच पुसायला घेतलं. खुरपीने पुढे विचारलं, धातूचा अभ्यास कितव्या वर्षी असतो, जमिनीचा कितव्या. गृहस्थ म्हणाले, दुसऱ्या वर्षी दोन्हीचा मिळून एक पेपर आहे, पण त्याची काळजी नको, जड जात नाही. भर कशावर आहे, तर अहवालावर. कोर्टात कसं उभं राहायचं, विमा कंपनीला काय हवं असतं, जबाबदारी कोणावर निश्चित करायची. "आमची मुलं तिसऱ्या वर्षापासूनच कंपन्या उचलतात," ते म्हणाले. मामाने बाबांना कोपर मारलं. जागा पक्की होती, होय म्हणायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच मुदत होती.

दुसरं कॉलेज खुरपीने स्वतः शोधलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि बाबा दोघंच बसने गेले. आईला कामावर जायचं होतं, आणि मामाच्या दृष्टीने विषय संपला होता.

हे कॉलेज जुनं होतं आणि तिथे फॉरेन्सिक हा शब्दच कुठे लिहिलेला नव्हता. साधं मेकॅनिकल. चार वर्षं तेच शिकायचं, आणि मग ज्यांना हवं त्यांनी पुढे दोन वर्षं मोडतोडीचा अभ्यास करायचा. तो विभाग मागच्या अंगणात पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये होता. आत भिंतीभर मांडण्या होत्या आणि मांडण्यांवर मोडकी लोखंडं होती. तुटलेल्या साखळ्या, चिरलेले पाइप, दात गेलेली चाकं, पिळवटलेल्या सळ्या. प्रत्येक तुकड्याला नंबर होता. भंगारवाल्याचं दुकान आणि दवाखान्याचा वॉर्ड यांच्या मधलं काहीतरी. खुरपीच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की बाबांना तिचं लहानपण आठवलं.

विभागाच्या प्रमुख एक ठेंगण्या बाई होत्या. केस पिकलेले, चष्मा गळ्यात दोरीने लटकवलेला. येणाऱ्या मुलांशी त्या एकेक करून बोलायच्या आणि पालकांना शेजारी बसू द्यायच्या. "पालक बसले की पोरं खरं बोलत नाहीत," त्या बाबांना म्हणाल्या, "पण ती कुठे खोटं बोलतात ते मला कळतं. बसा."

मग त्यांनी खुरपीपुढे जाडजूड बोल्टचे दोन तुकडे ठेवले, एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "काय झालंय ते लिही. एकदोन ओळी पुरेत."

खुरपीने तुकडे उजेडाकडे धरले, बोटाने चाचपले, नखाने खरवडले, अगदी नाकाजवळही नेले. बाबांनाही ते बसल्या जागेवरून दिसत होते. निम्मा भाग सपाट, त्यावर बारीक सरळ रेघा. उरलेला निम्मा भाग खरखरीत. पोरीने लिहिलं आणि कागद पुढे केला. बाईंनी तो मोठ्याने वाचला.

"‘बोल्ट तुटला. निम्म्या भागावर एका दिशेने समांतर रेघा आहेत. उरलेला भाग दाणेदार आहे.’ छान. रेघा कशाच्या?"

"करवतीच्या. लोखंड कापायच्या."

"करवत आपणहून चालत आली का?"

खुरपीने दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून ठेवले.

"म्हणजे कोणीतरी निम्म्यापर्यंत कापला आणि उरलेला वजनाने तुटला. हे तुला कळलं होतं?"

"हो."

"मग सुरुवातीला नुसतं ‘तुटला’ कसं आलं?"

"आमच्याकडे..." खुरपी म्हणाली आणि थांबली. बाबांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "सवयीने आलं."

बाईंनी चष्मा काढला. "मी इतक्या मुलांना हा बोल्ट दाखवते. ज्यांना रेघा दिसत नाहीत ती ‘तुटला’ लिहितात. ज्यांना दिसतात ती ‘कापला’ लिहितात. रेघा बघून, करवत ओळखून, वर ‘तुटला’ लिहिणारी तू पहिलीच." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "घरी कोणाला काही झालंय का?"

"बाबांची क्रेन पडली होती," खुरपी म्हणाली.

बाईंनी बाबांकडे बघितलं. त्या नजरेत आरोप नव्हता, दयाही नव्हती. बाबांनी तोंड उघडलं. ठरलेली चार वाक्यं जिभेवर हजर होती. ती बाहेर पडली नाहीत.

"हे बघ," बाई खुरपीला म्हणाल्या, "तुझे डोळे मला हवेत. अशी नजर शिकवून येत नाही. पण तुझा हात कोणाच्या तरी बाजूने चालतो, आणि इथे बाजू घेऊन चालत नाही. कोणाला धरायचं म्हणून आम्ही बघत नाही, आणि सोडायचं म्हणूनही नाही. एका कारणाने काही पडत नसतं. पहिलं कारण सापडलं की आळशी माणूस थांबतो. आणि भित्रा माणूस त्याच्याही आधी थांबतो. जागा मी तुला देते. पण यायचं की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत तू ठरव आणि मला फोन कर."

परतीच्या बसमध्ये खुरपी खिडकीशी बसली. तिकिटं काढून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी काचेच्या कॉलेजात जाते."

"का गं?"

"पदवीला नाव तरी आहे तिथे. आणि मामा पण म्हणतो."

मामाचं तिने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. तिला खोटं बोलता येत नाही, हे बाबांना चांगलं ठाऊक होतं, आणि तरी त्यांचा जीव भांड्यात पडला. काचेच्या कॉलेजात कोणी तिला विचारणार नव्हतं. ती अहवाल लिहील, टाय लावलेल्या लोकांत बसेल, आणि घरातली क्रेन जिथे पडली होती तिथेच पडून राहील. बस दोन थांबे पुढे गेली. खुरपीच्या बोटांवर त्या बोल्टचा गंज लागला होता, आणि ती तो पुसत नव्हती. अंगठ्याने बोटांवर फिरवत बसली होती. तेव्हा बाबांना स्वतःची लाज वाटली. पोरगी आपलं आवडतं खेळणं दुसऱ्याला देऊन आली होती, आणि ते घेणारा दुसरा म्हणजे आपणच, हे त्यांना लख्ख कळलं.

घरी आल्यावर मामाचा फोन आलाच. खुरपीने त्याला हो म्हणून सांगितलं, काचेच्या कॉलेजला आता कळवतेच म्हणाली. मामाने इतकी शाबासकी दिली की ती फोनबाहेर ऐकू आली. आई कामावरून येऊन स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बाबा हातपाय धुऊन टेबलापाशी बसले. खुरपी फोनवर नंबर शोधत होती.

"थांब जरा," बाबा म्हणाले. "फोन ठेव."

तिने ठेवला.

"त्या बोल्टवर रेघा दिसल्या, करवत कळली. मग हात का अडला?"

"सांगितलं ना, सवय."

"मला नको सांगूस ते."

खुरपीने टेबलावरची मीठदाणी इकडची तिकडे केली. "कापला लिहिलं की त्यात कोणीतरी माणूस येतो, बाबा. नुसतं तुटला लिहिलं की कोणी येत नाही. तो माणूस कोणाचा तरी बाबा असणार ना."

बाबांनी मीठदाणी पुन्हा जागेवर ठेवली. गल्लीने इतकी वर्षं मारलेले टोमणे एका पारड्यात आणि हे वाक्य दुसऱ्यात घातलं असतं, तर हेच जड झालं असतं. घर आपल्याला सांभाळत होतं असं त्यांना वाटायचं. सांभाळता सांभाळता घराने पोरीचा हात वाकवला होता.

"मला तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मी खाली उतरलो होतो, चारही पाय बघितले होते, असं मी सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"हो."

"ते मला माहीत नाही."

खुरपीने मान वर केली. स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला.

"खोटं आहे?" खुरपीने विचारलं.

"खोटं असतं तर बरं झालं असतं. खरंच माहीत नाही. इतक्यांदा सांगितलंय, की आता मला मी उतरताना दिसतो. पायरी दिसते, फळ्या दिसतात. पण ते त्या दिवशीचं आहे की आदल्या दिवशीचं, ते कळत नाही. रोजच उतरायचो गं मी. त्या दिवशी उतरलो का?" त्यांनी डावं मनगट उजव्या हाताने दाबलं. "साहेबांनी विचारलं, का पाडलीस. तुझ्या आईने विचारलं, फार लागलं का. मधलं काही कोणी विचारलंच नाही. मीही नाही विचारलं."

तो शब्द त्या घरात इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उच्चारला गेला होता. छत काही कोसळलं नाही.

"तू बाईंकडे जा," बाबा म्हणाले.

"तिथे पहिल्याच वर्षी मला हे सगळं उकरावंसं वाटेल. माझा स्वभाव आहे तुम्हाला ठाऊक."

"मग पहिल्या वर्षापर्यंत कशाला थांबतेस? आत्ता विचार."

"बाबा, मला यातलं काही येत नाही अजून."

"बोल्टचं येत होतं. विचार."

खुरपीने खुर्ची पुढे ओढली. सुरुवातीला तिचा आवाज बारीक होता, शाळेत उभं राहून उत्तर देताना असायचा तसा. "मागच्या बाजूला जमीन कशी होती?"

"भराव होता. लाल माती. आदल्या दिवशी तिच्यावर पाणी मारलं होतं, बसावी म्हणून. बाकी सगळीकडे खडी पसरलेली."

"तुम्ही कुठल्या बाजूने केबिनमध्ये चढलात?"

"खडीच्या."

"म्हणजे मागचा उजवा पाय जवळून बघायचा, तर लाल मातीत जावंच लागणार."

"हो. घोट्यापर्यंत चिखल होता. वरून दिसत होता मला."

"आणि क्रेन आडवी झाल्यावर? तुम्ही चालत बाहेर आलात?"

"चालतोय कुठला. काच फोडून बाहेर काढलं मला, आणि तसंच उचलून स्ट्रेचरवर. तिथून गाडीत."

"म्हणजे त्यानंतर तुमचे पाय जमिनीला लागलेच नाहीत." खुरपीचा आवाज आता बारीक राहिला नव्हता. ती बोल्ट उजेडाकडे धरल्यासारखी बसली होती. "बुटांचं काय झालं, बाबा?"

"बुटांचं?" बाबा गोंधळले. त्यांनी इतक्या वर्षांत हजार वेळा ती क्रेन डोळ्यांपुढे आणली होती, पण त्यात बूट कधी आले नव्हते. "दवाखान्यात काढले असतील. मला काय माहीत."

"मला पिशवीत घालून दिले होते," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथे कधीपासून होती कोण जाणे.

"त्यांच्यावर लाल माती होती, आई?"

आईने ओले हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले. "घरी आणल्यावर मी ते पुसायला घेतले," ती म्हणाली. "क्रेनच्या मागे चिखल होता असं सगळे सांगत होते, म्हणून ओलं फडकं घेऊन बसले. पुसण्यासारखं त्यांच्यावर काही नव्हतंच."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते दवाखान्यात कण्हत होते तेव्हापासून. त्यानंतर ती प्रत्येक पाहुण्यापुढे मान हलवत राहिली होती, प्रत्येक फुटक्या कपाला ‘फुटला’ म्हणत राहिली होती, आणि एवढं मोठं ओझं तिने एकटीने उचलून धरलं होतं, कोणाला कळू न देता. बाबांचे डोळे भरून आले. शरमेने आले, आणि ती शरम किती वर्षांनी मोकळी झाली म्हणूनही आले.

"मग तुम्ही मागे गेला नव्हतात," खुरपी म्हणाली. आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती. दिसलं ते तिने सांगितलं.

"नव्हतो," बाबा म्हणाले.

एवढं बोलून ते पोरीचा चेहरा बदलण्याची वाट बघत बसले. तो बदलला नाही. तिने त्यांच्या वाकड्या मनगटावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

"बाईंना मी फोन करते," ती म्हणाली. "पण आधी हे होऊ दे. त्या पायाखाली फळ्या कोणी घातल्या होत्या? आणि ओल्या भरावावर क्रेन उभी करा असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

बाबांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की याचं उत्तर त्यांना येतंय. ते कोणी कधी मागितलंच नव्हतं.

आईने गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि दोघांच्या मध्ये बसली. "सावकाश सांगा," ती म्हणाली. "मलाही ऐकायचंय."